भानेगाव शहरांच्या यादीतून कसं गळलं

भिलाई बघून आलो म्हटलं की आमच्या बाजारओळीतले लोक दोनच गोष्टी विचारतात. कारखाना केवढा आहे, आणि तिथं आपला पोरगा चिकटेल का. दोन्हींची उत्तरं मी चहाबरोबर पुष्कळदा दिली आहेत. पण मी कारखाना बघायला गेलोच नव्हतो. मी भांडायला निघालो होतो. भांडायचं कुणाशी ते कळेना, म्हणून पाच दिवस फिरत राहिलो. ज्यांनी बालाघाट जिल्हा नकाशावरही पाहिलेला नाही, त्यांनाही समजावं म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

आमचं भानेगाव वारासिवनी आणि रामपायली यांच्या मधे आहे. रामपायलीला जुनं राममंदिर आहे म्हणून लोकांना ते माहीत असतं. भानेगावला मंदिर नाही, बाजार आहे. तीन सोनार, शिंप्यांची ओळ, धानाची गिरणी, विड्यांचा कारखाना, आणि पिंपळाच्या पाराला लागून माझं सायकलचं दुकान. माझा बाप दुसऱ्याच्या घरी सालदार होता. वर्षाच्या बोलीवर त्यांचा नांगर धरायचा. मी एक पंप आणि टोपलंभर हत्यारं घेऊन त्याच पारावर पंक्चर काढायला बसलो आणि पंक्चर काढत काढत पक्कं दुकान बांधलं. घासाघीस करण्यात माझा हात कुणी धरत नाही आणि तोंड कुणी बंद करू शकत नाही. गावात दोन्हींबद्दल नावं ठेवतात. ठेवू देत.

भिलाईला गेलो त्या वर्षी पंजाबातल्या एका सायकल कंपनीकडे मी एजन्सी मागितली होती. दिवाळीच्या तोंडावर पत्र आलं. एजन्सी फक्त शहरात दिली जाते, सरकारी शिरगणतीच्या पुस्तकात भानेगाव हे खेडं आहे, सबब क्षमस्व. महिनाअखेरपर्यंत शहर असल्याचा दाखला पाठवल्यास पुन्हा विचार करू.

मी पत्र वाचलं आणि हातातला पाना नाल्यात फेकला. नंतर तो मलाच काढावा लागला. याआधीच्या शिरगणतीत भानेगाव शहर होतं. एकसष्टच्या शिरगणतीत ते खेडं झालं. वस्ती कमी झाली म्हणावी तर उलट वाढली होती. छप्पन साली नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो आणि राजधानी भोपाळला गेली. तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नाही, आम्हीही गप्प बसलो. पण आता कागदावर आमचं गावच लहान करून टाकलं होतं. धोतर बदललं, पिशवीत चिवडा टाकला आणि वारासिवनीहून छोट्या गाडीत बसलो.

बालाघाट

छोटी गाडी म्हणजे अरुंद रुळांची. ती इतकी हळू जाते की वैनगंगेवरच्या पुलावर उतारूंचं नदीला हात जोडणं, नाणं टाकणं आणि नाणं पाण्यात पडलं की दगडावर याची चर्चा, सगळं पूल संपायच्या आत आटोपतं. दोन्ही बाजूंना धान पिवळं झालं होतं. लवकर पिकणारं हलकं धान कापून झालेलं, जड धान उभं.

कचेरीसमोरच्या झाडाखाली अर्ज लिहून देणारे बसतात. त्यांतल्या एकाला धरलं. त्याने नाव, गाव, धंदा विचारला आणि सुरेख अक्षरात अर्ज लिहिला. त्यात 'घोर अन्याय' हा शब्द दोनदा होता. मी तिसऱ्यांदा घालायला लावला.

आत आकड्यांच्या टेबलावर बिसेनबाबू होते. पन्नाशीचा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी अर्ज हातात घेतला, पहिल्या दोन ओळी वाचल्या, मग माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. ओठांत हसले आणि अर्ज घडी करून मला परत दिला.

मी आवाज चढवला. "हसता कायले? आमचं शहर कोणं काढलं ते सांगा."

"बसा जी, बसा. पयले पाणी प्या. शहर म्हणाले तीन गोष्टी लागते. पाच हजार वस्ती, ते तुमच्याकडे आहे. घरं दाट लागते, ते बी आहे. तिसरी, काम करणाऱ्या चार जणांत तीन शेतीबाहेरचे पायजेत. या बारीनं हे कडक झालं. तिथंच तुमचं गाव घसरलं."

"शेतीबाहेरचे? अहो, आमच्या बाजारओळीत बैल शोधून सापडणार नाही!"

"मले बैलाइची गिनती नाही करा लागत. लोकाइनं जे सांगतलं ते लिवलं."

"मग लिहिणारा चुकला."

बिसेनबाबूंनी भिंतीवरच्या प्रांताच्या नकाशावर पट्टी टेकवली. सरकार जिथं गेलं तो भोपाळ फुगून राह्यला, म्हणाले. लोखंड जिथं गेलं तो भिलाई फुगून राह्यला. जबलपूर, इंदूर आपल्या वजनानं वाढतात. आणि आपल्या कोपऱ्यात काही गावं शहराची वस्ती असून खेड्यातच बसली आहेत. पट्टी त्यांनी आमच्या कोपऱ्यावर दोनदा आपटली. "काहून, ते नकाशात दिसत नाही. तुम्ही हिंडणारे दिसता. भिलाई पाहून या, मंग खाली उतरून तिरोडीची खदान पाहून या. सहा दिवसांनी आले आन तवाबी अर्ज द्यावासा वाटला, तं मी सोता साहेबासमोर ठेवतो."

मला हा सौदा वाटला. मी सौद्याला नाही म्हणत नाही.

भिलाई

गोंदियाला गाडी बदलली आणि दुपारी दुर्गच्या पुढे उतरलो. जवळ एका ओळखीच्याचा पत्ता होता. तो आमच्या गल्लीतला, आता कारखान्यात फिटर. रिक्षावाल्याने भाडं सांगितलं; मी त्याच्या निम्म्यावर आणलं आणि खूश होऊन बसलो. त्याने मला एका चौकात उतरवलं. चारी बाजूंना एकसारखी घरं. एकसारखी दारं, एकसारख्या खिडक्या, दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसुद्धा एकसारख्या. मी म्हटलं, "अरे, सेक्टर हा नव्हे."

तो घंटी वाजवत निघूनही गेला. "इतने पैसे में इतनाच भिलाई आता है, सेठ!"

तासभर भटकलो. एका दारावर थाप मारली, तर केरळची बाई बाहेर आली. तिला माझं कळेना, मला तिचं कळेना. तिने पाणी दिलं, वर हातावर तळलेल्या केळ्याचे काप ठेवले आणि बोटाने वाट दाखवली. ती वाटही चुकीचीच होती. पण आमच्याकडे अनोळखी माणसाला आधी जात विचारतात आणि मग पाणी देतात. इथं तिला माझ्या जातीचं नावही कळलं नसतं. हे मला चालता चालता जाणवलं.

कारखान्याच्या फाटकाबाहेर खाण्याच्या टपऱ्यांची ओळ होती. इडली, रसगुल्ले, तंदूरची रोटी. एकाच बाकावर बसून मी चार भाषांतल्या शिव्या ऐकल्या. शेवटच्या टपरीवर बुद्धाची तसबीर होती आणि लाखोळीच्या डाळीचे वडे होते. लाखोळीचे वडे आमच्याकडच्याच माणसाच्या हातचे असणार म्हणून तिथं थांबलो. टपरी सोनाबाईंची. चाळिशीच्या, पदर कमरेला खोचलेला, मूळच्या लांजीच्या.

"कोणच्या गावचे जी?"

"भानेगाव. रामपायलीजवळचं."

"मंग पैसे पयले ठेवा. तिकडले लोक वडा खाऊन झाल्यावर भाव करते."

मी पैसे आधी ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा. वडे असे होते की भाव करायला तोंड मोकळं राहिलं नसतं. सोबत तांदळाची भाकर आणि वांग्याची पातळ भाजी. लांजीची चव उचलून कुणी धुराड्याखाली ठेवावी तशी.

त्या सांगत होत्या, इथं आल्या तेव्हा या जागेच्या पलीकडे धानाच्या बांध्याच होत्या, नुसती खाचरं. नवरा खडी फोडायला आला, आजारी पडून गेला. त्या मागे फिरल्या नाहीत. मी विचारलं, "शिरगणतीवाला आला होता का तुमच्याकडे?"

"आलता ना! या बाकावर बसला, दोन वडे खाल्ले, मंग कागद काहाडून इचारते, बाई काम काय करता? म्या म्हटलं, जे तू खाऊन राह्यला तेच!"

"शेती नाही सांगितली?"

सोनाबाईंनी झारा कढईच्या काठावर आपटला. "कोणाची? माह्या बापाची नव्हती, नवऱ्याची नव्हती. लांजीले दुसऱ्याच्या बांधीत कंबर मोडेस्तोवर धानाचा रोवणा लावत होतो मी. तो चिखल धुवाले तं इथं आलो. आता तोंडानं कायले पुन्हा अंगाले लावू? वडे करतो, वडे सांगतो. त्यात लाज कायची जी?"

लाजेचं मी काही बोललो नव्हतो. तरी कान गरम झाले. का, ते तेव्हा कळलं नाही. फिटर संध्याकाळी भेटला, कारखाना दाखवला, तापलेलं लोखंड पाण्यासारखं वाहताना दाखवलं. ते बघताना मी तोंडाचा आ केला हे कबूल करतो. पण लिहिताना आठवतो तो झाऱ्याचा आवाज.

तिरोडी

परत येताना तुमसरला उतरून तिरोडीची गाडी धरली. तिरोडी म्हणजे मँगनीजची खाण. तिथं सगळं काळं चमकतं. रस्ता, छपरं, बकऱ्यांच्या पाठी. पुढे कटंगीपर्यंत रूळ नाहीत; मधला तुकडा ट्रकने किंवा मोटारीने काढावा लागतो. ट्रक दुपारनंतर होता. चहाच्या ठेल्यावर श्यामराव भेटले. खाणीत बारूद भरण्याचं काम, अठरा वर्षांची नोकरी. मी बाहेरगावचा आणि अंगावर धुतलेलं धोतर, हे पाहून त्यांनी माझा हातच धरला.

"पाव्हणे येऊन राह्यले जी, पोराच्या लगनाचे. माह्याकडून बसाले कोणी वजनदार माणूस नाही. घडीभर बसता काय?"

मला वजनदार कुणी म्हटलं की मी बसतोच. त्यांच्याबरोबर घरी गेलो, तर पोचताच श्यामराव चिंचेच्या कोळाने हात घासायला बसले. नखातला काळा रंग काही निघेना.

"एवढं कायले घासता?"

"पाव्हणे कास्तकार पायजे म्हणते. बाबाची अडीच एकर आहे गावाकडं. तेच सांगन."

"आणि खाण?"

"ते नोकरी आहे जी. काम थोडंच आहे!"

हे वाक्य त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मी हसून लोटपोट झालो. शिरगणतीत काय सांगितलं ते विचारलं. तेच सांगितलं होतं. त्यांच्या चाळीतल्या पुष्कळांनी तेच सांगितलं होतं. पगार खाणीचा, भोंगा खाणीचा, धूळ फुप्फुसात खाणीची. पण काम विचारलं की शेती. ती कुठंतरी गावाकडे, भावाच्या ताब्यात, चार पोत्यांची.

पाहुणे आले. मुलीचा बाप, चुलता आणि पानाचा डबा. पोहे आले, चहा आला. मुलीच्या बापाने विचारलं, "धान किती होते जी?" श्यामरावांनी आकडा सांगितला. मग श्यामरावांनी तेच विचारलं, मुलीच्या बापानेही आकडा सांगितला. तो कटंगीला लाकडाच्या डेपोत मुकादम होता, हे चुलत्याच्या तोंडून आधीच निसटलं होतं. दोघांनाही दुसऱ्याचं खरं माहीत होतं. दोघेही अगदी गंभीरपणे धानावर बोलत होते. मी मनात म्हणत होतो, या असल्या लोकांनी माझं शहर बुडवलं. उद्या बिसेनबाबूंच्या टेबलावर हे सगळं आपटतो.

तेवढ्यात मुलीचा बाप माझ्याकडे वळला. "आन तुम्ही काय करता जी?"

"कास्तकारी," मी म्हणालो.

विचार करून म्हणालो नाही. शिंक यावी तसं आलं. मुलीच्या बापाने माझ्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या पेरांत वंगण, नखांखाली काळी रेघ. वीस वर्षांत ती साबणाने गेलेली नाही. तो पान लावत सावकाश म्हणाला, "तुमच्याकडं धानाले ग्रीस लावते काय जी?"

सगळे हसले. चुलता इतका हसला की चहा नाकात गेला. श्यामराव सगळ्यांत जास्त हसले आणि पुढची बोलणी सुरळीत झाली. माझ्या वजनाचा एवढा उपयोग झाला.

कटंगीची गाडी

ट्रकने कटंगीला आलो. तिथून छोटी गाडी निघाली तेव्हा डब्यात मी, एक आजीबाई आणि मंडईच्या जत्रेत विकायला निघालेले चार मातीचे बैल. मी पिशवीतून अर्ज काढला. पाच दिवस तो चिवड्याखाली होता, तेलाचे डाग पडले होते. उघडून वाचला.

'मी, केशव, राहणार भानेगाव, धंदा काश्तकारी, नम्र अर्ज करतो की...'

दुसऱ्याच ओळीत. झाडाखालच्या माणसाने धंदा विचारला तेव्हा मी हेच सांगितलं होतं. बिसेनबाबू यालाच हसले होते.

मग बाकीचं आठवायला वेळ लागला नाही. शिरगणतीचे कागद घेऊन शाळेचे गुरुजी आमच्या ओळीत आले, तेव्हा सावलीसाठी माझ्याच बाकावर बसले होते. पहिलं नाव माझं. त्याच वर्षी मी नदीपलीकडे दोन एकर घेतले होते. आमच्या घराण्यात मातीचा पहिला तुकडा. बाप ज्यांचा नांगर धरायचा, त्यांच्याच बांधाला लागून. सगळी ओळ जमलेली पाहून मी मोठ्याने म्हणालो होतो, "लिवा गुरुजी, कास्तकार!" गुरुजींनी माझ्या हातातल्या चेनकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी सांगतो ते लिवा." माझा आवाज चढला की गुरुजी वाद घालत नाहीत.

माझ्यानंतर महादेव शिंपी होता. त्याच्यानंतर सोनार. जो माणूस कालपर्यंत सालदाराचा पोरगा होता तो कास्तकार म्हटल्यावर, सोनार काय सोनार म्हणून लिहून घेणार?

आजीबाईंनी विचारलं, "काय झालं बाबू, कोणाचं बरंवाईट झालं काय कागदात?"

"नाही माय," मी म्हटलं. "एका गावाचं झालं."

वारासिवनी आलं. माझं उतरायचं ठिकाण. पिशवी उचलली, दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो. सौदा केला होता. तो पुरा करायला बालाघाटला जाणं भाग होतं. पूल आला. आजीबाईंनी नाणं टाकलं. ते दगडावर वाजलं.

पुन्हा बालाघाट, आणि घर

बिसेनबाबूंनी मला पाहून खुर्ची ओढली. मी अर्ज टेबलावर ठेवला, त्यांचीच दौत ओढली, 'काश्तकारी' खोडलं आणि वर लिहिलं, 'सायकलचं दुकान'. अक्षर वाईट आलं.

"मले पयल्या दिवशीच नाही सांगता आलं?" मी विचारलं.

"सांगतलं असतं तं तुम्ही टेबल फोडलं असतं. सरकारी टेबल आहे जी."

"आता यादी बदलते का?"

"नाही. दहा वर्सांनी पुन्हा माणूस येईन. तवा सांगजा."

मी भाव करून पाहिला. पाच वर्षं म्हटलं, पुरवणी यादी म्हटलं, नुसता दाखला म्हटलं. ते मान हलवत राहिले. शेवटी त्यांनीच चहा मागवला. चहाचे पैसे कुणी द्यायचे यावर मात्र मी जिंकलो, म्हणजे मी दिले.

एजन्सी वारासिवनीच्या एका दुकानदाराला गेली. दर महिन्याला त्याच्या नव्या सायकली आमच्या रस्त्यावरून जातात, आणि मी त्या चाकांच्या चमकीवरून ओळखतो. राग येतो. येऊ दे. तो आता कुणावर काढायचा ते माहीत आहे, एवढाच फरक.

गावात पोचलो तेव्हा बाजारओळ उघडलेली होती. महादेव शिंपी मशीनवर वाकून पायजमा शिवत होता. पाय न थांबवता म्हणाला, "झालं काय शहर, केशवभाऊ?"

"नाही झालं. महादेव, तू काम काय करतो रे?"

"कास्तकारी. काहून?"

"पायाखाली काय आहे तुह्या?"

त्याने खाली पाहिलं. मशीन थांबलं. मग मान वर करून तो म्हणाला, "पयलं तं तूच सांगतलं होतं न भाऊ. तू कास्तकार, आन मी काय एकटा शिंपी राहू?"

एरवी मी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. दुकानात गेलो. सायकलच्या सांगाड्यांना लावायचा लाल रंग होता, तो काढला. इतकी वर्षं दुकानावर पाटी नव्हती. माझं दुकान सगळ्यांना माहीत आहे, पाटी कशाला, असं मी म्हणायचो. एक फळी घासली आणि तिच्यावर लिहिलं, 'केशव सायकलवाला'. वेलांटी चुकली की काय म्हणून तीनदा पाहिलं. फळी दारावर ठोकली. ओळीतले लोक बघून गेले. सोनाराने दुरूनच वाचली आणि आत गेला.

दुकान बंद करायच्या वेळी महादेव आला. गळ्यात फीत, हातात एक जुनी फळी. पाटीवरच्या रंगाला त्याने बोट लावून पाहिलं.

"रंग उरला काय?" त्याने विचारलं.